रेघ वीतभर खाली राहिली

गजभिये काका, माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार तुमचे आहेत. एकदा हे मी तुमच्या तोंडावर म्हणालो होतो. तेव्हा तुम्ही म्हणालात, "उपकार-बिपकार राहू दे. फिक्सर बदलला का, ते सांग." फिल्म धुवायच्या टाकीतला फिक्सर बदललेला नव्हता. पुढचा सगळा दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत.

काल तुमचं पुण्यानुमोदन झालं. रायपूरला भनपुरीच्या घरापुढं मंडप टाकला होता, लोक बरेच आले होते. आपल्या मंडळाच्या अध्यक्षांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, अंकासाठी काकांवर दोन शब्द लिही, त्यांना तूच सगळ्यात जवळून ओळखायचास. सेवाभावी, मनमिळाऊ, असं काही येऊ दे. मागच्या खुर्चीवर आपल्या दवाखान्याचा जुना वॉर्डबॉय बसला होता. 'मनमिळाऊ' हा शब्द ऐकून त्यानं रुमाल तोंडाला लावला. त्याला रडू आलं नव्हतं, हे मला माहीत आहे.

दवाखान्यात तुम्ही एक्स-रे काढायचात, आणि उरला-भनपुरीच्या कारखान्यांतल्या मजुरांमध्ये तुमचं नाव कसाई होतं. एक्स-रेची चिठ्ठी हातात पडली की ते आधी विचारायचे, "कसाई है का आज?" तुम्ही सुट्टीवर असलात तर रांग वाढायची. हे तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही मुद्दाम सुट्ट्या घेत नव्हता.

मी आमगावहून आलो तेव्हा नवं राज्य नुकतंच झालं होतं. रायपूरमध्ये जिकडं तिकडं पाट्या रंगवणं चाललं होतं. मी मराठी शाळेत शिकलेला, बी. एस्सी. पास, घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट. एक्स-रेच्या कोर्सला बसलो आणि प्रॅक्टिकलला तुमच्या हाताखाली आलो. प्रॅक्टिकलच्या पहिल्या दिवशी तुम्ही माझी मार्कशीट पाहिली आणि म्हणालात, "फिजिक्समध्ये एवढे मार्क? मंग सांग, माणूस उभा असला का त्याच्या कंबरेवर वजन किती?" मी बोटांवर हिशेब करायला लागलो. "आमगावात माणसं उभी राहत नाहीत का बे?"

त्याच दिवशी मनराखन आला. उरल्याच्या रोलिंग मिलमध्ये तो तापलेल्या सळया ओढायचा. कंबर धरून आला होता. त्याला हलकं काम द्यायचं की नाही हे डॉक्टरांचं बोर्ड ठरवणार होतं, आणि बोर्डाला फोटो हवे होते. सरळ उभं राहून एक, पुढं पूर्ण वाकून एक, मागं पूर्ण झुकून एक. तिन्ही फोटो एकाच बाजूनं, कुशीकडून काढलेले.

तुम्ही त्याला स्टँडच्या लाकडी पाटीला एक कूस लावून उभं केलंत, त्याच्या नडगीच्या मध्यावर अंदाज धरलात आणि पाटीवर खडूनं रेघ ओढलीत. ही तुमची रीत. प्रत्येक पेशंटला त्याच्या उंचीची नवी रेघ. बोटं रेघेला लागली पाहिजेत, गुडघे ताठ राहिले पाहिजेत. मग तुम्ही शिशाच्या पडद्यामागं गेलात आणि काचेतून ओरडलात, "झुको भैया. अउ झुको. गुडघा नाही, कंबर!"

मनराखन अर्ध्यात थांबला. "नई सकंव साहेब. मर जहूं."

"मर जाबे त फोटू निकाल के भेज देबो. अउ झुक!"

मी धावत गेलो आणि त्याच्या हाताखाली स्टूल सरकवलं. तुम्ही पडद्यामागून बाहेर आलात, ते स्टूल पायानं उडवलंत आणि मला विचारलंत, "काय करून राहिला तू?"

"दुखून राहिलं ना काका त्याले."

"दुखते म्हणूनच तर आला ना तो इथं. नाही दुखत असतं तर घरी नसता राहिला?"

मग तुम्ही एक गोष्ट केलीत. अर्ध्यावर थांबलेल्या मनराखनचा फोटो काढलात. नंतर ओरडून, शिव्या घालून, त्याला रडवून, बोटं रेघेला लावायला लावलीत आणि दुसरा काढलात. दोन्ही फिल्म धुऊन उजेडाच्या पेटीवर शेजारी शेजारी लावल्यात. पहिल्या फिल्ममध्ये मणके विटा रचाव्या तसे एकावर एक. दुसऱ्यात चौथा मणका पाचव्यावरून पुढं सरकलेला, गव्हाच्या दाण्याएवढा. एकच माणूस, एकच सकाळ, मध्ये दहा मिनिटांचं अंतर.

"हा पहिला फोटो बोर्डाकडं गेला असता," तुम्ही म्हणालात, "तर नॉर्मल म्हणून उद्या हा परत भट्टीपुढं. मंग दोन वर्षांनी खाटेवर. तुह्या स्टुलानं."

पहिल्या फिल्मच्या कोपऱ्यात तुम्ही मेणाच्या पेन्सिलीनं लिहिलंत, 'अधूरा'. दुसरीवर लिहिलंत, 'पूरा'. तेवढा एक शब्द पाहूनच हाडांचे डॉक्टर फिल्म वाचायचे. 'अधूरा' असेल तर नॉर्मल लिहायचे नाहीत, परत पाठवायचे. तुमच्या त्या एका शब्दावर बोर्ड चालायचं. पेशंट किती वाकला हे फक्त बाहेर उभ्या असलेल्यालाच दिसतं, तुम्ही मला सांगितलं होतं. "त्याले स्वतःले समजत नाही. कळ आली का त्याले वाटते, जमिनीले हात लागला. तू पाहायचं. तुह्याशिवाय दुसरा कोणी नाही तिथं."

काका, तुमच्याशी माझा वाद होता आणि तो संपलेला नाही. तुम्ही बरोबर होता, एवढं मान्य केलं तरी तो संपत नाही. कोळशाच्या डेपोवर टोपल्या उचलणारी ती म्हातारी आठवते? रेघेला बोटं लागली आणि ती तिथंच कोसळली. फोटोत काहीही निघालं नाही. मणके जागच्या जागी. मी तिला पाणी पाजत होतो आणि तुम्ही मुर्रा, म्हणजे मुरमुरे, खात बसला होता. मी विचारलं, "हिले कायले त्रास दिला मंग आपण?" तुम्ही म्हणालात, "काही नाही निघालं, हे पण निघालंच ना." ती जाताना तुमच्या पाया पडली, कारण तिला वाटलं तुम्ही डॉक्टर आहात. तुम्ही पाय मागं घेतले नाहीत. तुम्हाला त्या खोलीत मजा यायची, असं मला तेव्हा वाटायचं. काल तुमच्या फोटोला हार घातला, तरी आता तसं अजिबात वाटत नाही, असं म्हणता येत नाही.

पण त्याच खोलीत तुम्ही माझ्या बापाला उभं केलंत. बाबा राईस मिलमध्ये पोती वाहायचे. कंबर गेली तरी मुकादमाला ते सोंग वाटायचं, आणि खरं सांगायचं तर मलाही थोडं वाटायचं. तुम्ही म्हणालात, घेऊन ये. रेघ ओढलीत आणि मला म्हणालात, "बटण तू दाब." बाबा वीतभर वर थांबले. माझ्याकडं पाहिलं. मी काचेमागून काही बोललो नाही. मग तुम्ही ओरडलात, "ओ पोत्याचे पहेलवान, पोराले फोटो काढू द्या! का त्यालेच पोती उचलायले लावता?" बाबा ओरडले आणि वाकले. तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. मी बटण दाबलं. त्या फोटोमुळं त्यांच्या कंबरेचं खरं दुखणं कागदावर आलं. पोती सुटली. आज ते मिलच्या गेटवर चौकीदारी करतात आणि संध्याकाळी स्टेशनपर्यंत चालून येतात. ते पाय तुमचे आहेत.

तुम्ही मला लिहायलाही शिकवलंत. फिल्म वाळेपर्यंतच्या वेळात विचारायचात, काय दिसलं. मी सांगायला लागलो की म्हणायचात, "तोंडी नको. लिहून दे. तोंडचं उद्या फिरवता येते." माझ्या मराठी वहीत तुमच्या लाल खुणा आहेत. 'बहुतेक' हा शब्द तुम्ही जिथं दिसेल तिथं खोडायचात.

आणि एक नियम होता. घरच्याचा किंवा स्वतःचा फोटो आपण वाचायचा नाही. काकूंचं मनगट मोडलं तेव्हा तुम्ही फिल्म पेटीवर लावलीत आणि पाठ फिरवून उभे राहिलात. मीच वाचलं. "घरचं असलं का डोळा आपल्याला पाहिजे तेच दाखवते," तुम्ही म्हणालात.

तीस वर्षं शिशाचा एप्रन अंगावर, तीस वर्षं स्ट्रेचरवरून टेबलावर माणसं ओढणं. तुमची कंबर दुखायला लागली तेव्हा मी तेलीबांध्याच्या बाजूला नव्या दवाखान्यात लागलो होतो. राजधानीचं सगळं नवं होतं. मशीन नवं, फरशी नवी, माझ्या हाताखाली दोन शिकाऊ. तुम्ही चार वर्षांत रिटायर होणार होता. रेकॉर्डरूमची बसायची जागा मागितली. बोर्डानं सांगितलं, फोटो आणा, आणि तुमच्याच दवाखान्यातला नको. फोटो माझ्याकडं काढायचा म्हणून तुम्हाला आनंद झाला होता. आल्या आल्या माझ्या शिकाऊंना म्हणालात, "ह्या पोट्ट्याले पडद्यामागं उभं राहायले मी शिकवलं. पाहा आता, गुरूलेच रडवते का नाही."

मी म्हणालो, "काका, दुसऱ्या कोणाले काढू द्या ना. घरच्याचा फोटो आपण..."

"तू घरचा कधी झाला बे?"

सगळे हसले. मीही हसलो.

तुम्ही शर्ट काढलात. खिशातली मेणाची पेन्सिल काढून माझ्या हातात दिलीत. कंबरेला गमछा इतका घट्ट बांधला होता की सोडल्यावर त्याची घडी चामडीवर उठलेली होती. मी गुडघे टेकून तुमच्या नडगीच्या मध्यावर रेघ ओढली. नीट ओढली. मग पडद्यामागं गेलो. सरळ आणि मागं झुकून असे दोन फोटो झाले, पुढं वाकायचा उरला.

तुम्ही वाकलात. आवाज केला नाहीत. पाठीचे स्नायू दोन दोरखंडांसारखे उभे राहिले आणि बोटं रेघेच्या वर थांबली. काचेतून मला ते अंतर दिसत होतं. एक वीत. पूर्ण एक वीत. मी तोंड उघडलं. 'अजून काका' एवढंच म्हणायचं होतं. तुमच्यासारखं ओरडायचीही गरज नव्हती.

वाकलेल्या अवस्थेतच तुम्ही विचारलंत, "पोचलो का रे? डोळ्यापुढं अंधार आहे."

मी म्हणालो, "पोचलात." आणि बटण दाबलं.

फिल्म निघाली. मणके विटांसारखे. मी तुमच्या पेन्सिलीनं कोपऱ्यात 'पूरा' लिहिलं आणि पाकीट बंद केलं.

मला दया आली, असं मी तीन वर्षं स्वतःला सांगत आलो. अंकाच्या वाचकांनाही ते चाललं असतं. पण तुम्ही 'बहुतेक' खोडायचात, म्हणून नीट लिहितो. दया थोडीच होती. मी वाद जिंकत होतो. माझ्या शिकाऊंसमोर, नव्या खोलीत, मी दाखवत होतो की माणसाला न रडवता फोटो काढता येतो, आणि तोही खुद्द कसायाचा. आणि तुम्ही सगळ्यांदेखत मला घरचा नाही म्हणाला होता.

बोर्डानं 'पूरा' वाचलं आणि नॉर्मल लिहिलं. रेकॉर्डरूम मिळाली नाही. तुम्ही मला फोन केला नाहीत. लिहून कळव, एवढा निरोप पाठवलात. मी पत्र पाठवलं. मग तुम्ही परत एप्रन चढवला.

पुढचं प्रज्ञा सांगते. तुमची मुलगी मराठी सगळी समजते आणि उत्तर हिंदीत देते, तुम्ही त्यावरून तिला किती बोलायचात. ती म्हणते, "पापा सुबह खाट के किनारे पे बैठे रहते थे, उठ नहीं पाते थे. फिर खुद को ही गाली देते थे. बोलते थे, फिल्म साफ है, नाटक बंद कर." दवाखान्यात कुणी विचारलं की तुम्हीच सांगायचात, माझ्या मनाचं दुखणं आहे. ज्यांच्यावर तुम्ही आयुष्यभर सोंगाडे म्हणून ओरडलात त्यांच्या रांगेत तुम्ही स्वतःला उभं केलंत. एका कागदाच्या भरवशावर. तुमच्या शरीरापेक्षा तुम्हाला माझं अक्षर खरं वाटलं.

दीड वर्षानं एका जाड पेशंटला टेबलावर ओढताना काहीतरी निसटलं. पायात मुंग्या आल्या. लघवी अडली. तरी तीन दिवस तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत. फिल्म साफ होती ना. चौथ्या दिवशी पाय उचलले गेले नाहीत. डॉक्टरांनी झोपवून एक फोटो काढला, धरून बसवून एक. झोपलेल्या फोटोत मणका जागेवर, बसलेल्या फोटोत बोटाच्या अर्ध्या पेराएवढा पुढं. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, नस फार दिवस दाबली गेली होती. आधी कळलं असतं तर, असं म्हणून ते थांबले. ते माझ्याकडं बघत नव्हते, तुमच्या पायांकडं बघत होते.

मग खाट. मनराखनबद्दल तुम्ही म्हणाला होता तशीच. पाठीवर जखमा, आधी रुपयाएवढ्या, मग तळहाताएवढ्या. घरात शिरलं की उदबत्तीच्या वासाखालून दुसरा वास यायचा. मी दर रविवारी यायचो. तुमचं अंग पुसायचो, कूस बदलायचो. काकू दारापर्यंत सोडायला यायच्या आणि म्हणायच्या, "येत जा बाबा. तू आला का हे दोन घास जास्त खातात. म्हणतात, माहा पोट्टा आला." त्यांनी हे म्हटलं की मला पुढच्या रविवारी येऊ नये असं वाटायचं, आणि मी यायचो. दीड वर्षातल्या त्या सगळ्या रविवारी सांगायला वेळ होता. सांगायचं काय, हेही मला तोंडपाठ होतं. मी ते सांगितलं नाही.

या थंडीत एका रविवारी काकू आणि प्रज्ञा बाहेर होत्या. मी तुमच्या डोक्याखाली उशी सारखी करत होतो. तुम्ही छताकडं बघत विचारलंत, "किशोर, मी पूरा वाकलो होतो ना रे? त्या दिवशी?"

मी उशीचा कोपरा नीट केला. म्हणालो, "हो काका. रेघेपर्यंत."

तुम्ही म्हणालात, "मंग ठीक आहे." आणि कूस बदलून द्यायला सांगितलंत. मी जपून, हळूहळू वळवायला लागलो तसे तुम्ही ओरडलात, "हळू नको करू. तू हळू केलं का जास्त दुखते."

मला वाटलं, जखमेबद्दल बोलताय.

काल सगळे गेल्यावर प्रज्ञानं मला आतल्या खोलीत बोलावलं. फोटोचं जुनं पाकीट माझ्या हातात दिलं. बोर्डाकडून ते परत आलं तेव्हापासून कपाटामागं पडलेलं, तुमच्या नियमाप्रमाणे या थंडीपर्यंत न उघडलेलं.

"भैया, ये आपका है," ती म्हणाली. "ठंड में एक दिन पापा बोले, निकाल उसको. मैंने खिड़की पे पकड़ा. बहुत देर देखे. फिर पेन्सिल माँगी."

मी पुढं वाकलेल्या फोटोची फिल्म बाहेर काढून उजेडाकडं धरली. मणके तसेच विटांसारखे. पाठीकडच्या हाडांमधली फट उघडलेलीच नव्हती. पूर्ण वाकलेल्या माणसाची ती उघडते. तुम्हाला एका नजरेत कळलं असेल. कोपऱ्यात माझा 'पूरा' आडव्या रेघेनं खोडलेला होता आणि खाली, वाकडंतिकडं, पण तुमच्याच वळणाचं, लिहिलेलं होतं. 'अधूरा'.

"कुछ बोले?" मी विचारलं.

"बोले, फोटू साफ आया है. किशोर का हाथ अच्छा है."

"और?"

"और बोले, उसको बताना मत. इस रविवार आएगा तो मैं ही पूछूँगा." मग ती माझ्याकडं पाहत म्हणाली, "पूछा था क्या, भैया?"

मी तिलाही उत्तर दिलं नाही. इथं देतोय. हो प्रज्ञा, विचारलं होतं.

काका, त्या रविवारी वाकायची पाळी माझी होती. तुम्ही काचेमागं उभे होता आणि कुठवर पोचलो ते तुम्हाला दिसत होतं. तुम्ही ओरडला नाहीत. मनराखनवर ओरडलात, माझ्या बापावर ओरडलात. माझ्यावर ओरडायचं तुम्ही सोडून दिलंत, याच्याइतकं मला तुमचं कधी काही लागलेलं नाही.

पाकिटात माझं पत्रही होतं. तुम्ही त्याच्यात काही खोडलेलं नाही. 'बहुतेक' हा शब्द त्यात एकदाही आलेला नाही. सेवाभावी, मनमिळाऊ यांच्या जागी मंडळानं ते जसंच्या तसं छापावं.

तीर्थस्वरूप गजभिये काकांस,
सविनय जयभीम.

आपण सांगितल्याप्रमाणे लेखी कळवीत आहे. आपले तिन्ही फोटो चांगले आले. सरळ, पुढे वाकून आणि मागे झुकून, तिन्ही फोटोंत चौथा मणका पाचव्यावर एकाच जागी आहे. कुठेही सरकलेला नाही. बोर्डाच्या डॉक्टरांचेही हेच मत पडले. रेकॉर्डरूमची जागा मिळाली नाही याचे वाईट वाटते, पण कंबर शाबूत आहे हे त्याहून मोठे आहे, असे मला वाटते.

आपण नेहमी म्हणता की माणूस खोटे बोलतो, फिल्म बोलत नाही. लहान तोंडी मोठा घास घेतो, पण आता हे आपण स्वतःलाही लावून घ्यावे. दुखण्याकडे फार लक्ष देऊ नये. कामात राहिलात की विसर पडेल.

बाबा बरे आहेत. मिलच्या गेटवर बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आपले नाव सांगतात. माझ्यासारख्या आमगावच्या मुलाला आपण एक्स-रेच्या खोलीत उभे केले. त्याच खोलीतले काम आज आपल्यासाठी माझ्या हातून झाले, याचा आनंद शब्दांत सांगता येत नाही. आपण गमतीने म्हणालात तरी मी स्वतःला आपल्या घरचाच समजतो.

काकूंना नमस्कार. प्रज्ञाला मराठीतून आशीर्वाद.

आपला विद्यार्थी,
किशोर

ता. क. आपण वाकलेले असताना विचारले होते म्हणून पुन्हा लिहितो. आपली बोटे रेघेला लागली होती. मी स्वतः पाहिले.